बंपरचे स्क्रू आणि स्कर्टची लांबट भोकं: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

दोन स्टार देताना तुम्ही चार तक्रारी लिहिल्या आहेत. डबल टेपवर भागलं असतं तरी नव्या बंपरला भोकं पाडली, साइड स्कर्टची (दाराखाली बसणाऱ्या पट्टीची) भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेवली, गाडी दोन दिवस अडकवली आणि लिपच्या (पुढच्या बंपरच्या खालच्या कडेला लावतात त्या पट्टीच्या) डाव्या कोपऱ्यात फट राहिली. नव्या गाडीला ड्रिल लागलेलं बघून जीव हळहळतो, हे मला कळतं. तरीही हे काम आम्ही असंच का केलं, ते सांगायलाच हवं.

आधी ती मोठी भोकं, कारण ‘ढिसाळ काम’ हा शब्द तुम्ही त्यांच्यासाठी वापरला आहे. स्कर्ट एबीएस प्लास्टिकचा आहे आणि तो ज्याला धरून बसतो ते पोलाद. तापमानात ४० अंशांचा फरक पडला की दीड मीटरची एबीएस पट्टी साधारण ५ मिलिमीटर वाढते, तेवढंच पोलाद १ मिलिमीटरही वाढत नाही. भर उन्हात उभी गाडी आणि पहाटेची थंड गाडी यांत एवढा फरक सहज पडतो. सगळी भोकं स्क्रूच्या मापाची ठेवली, तर पट्टीला सरकायला जागा उरत नाही. मग ती मध्येच फुगते, नाहीतर भोकापासून तडकते. म्हणून मधलं एक भोक घट्ट आणि बाकीची लांबट, वर रुंद वॉशर. स्क्रूही मुद्दाम करकचून आवळलेले नाहीत. दाराखालच्या पत्र्याला आम्ही ड्रिल लावलेलंच नाही, कंपनीच्या मूळ क्लिपांच्या जागा वापरल्या आहेत. पत्रा उघडा पडला की गंज तिथूनच सुरू होतो.

आता टेप. चांगला ॲक्रिलिक फोम टेप भक्कम असतो, आम्हीही तो लावलाच आहे. पण बंपर पॉलिप्रॉपिलीन जातीच्या प्लास्टिकचे असतात आणि त्यावर प्रायमरशिवाय, म्हणजे पकड वाढवणारा थर आधी लावल्याशिवाय, टेप नीट धरत नाही. रंगावर वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग असेल तर टेप त्या थराला चिकटतो, गाडीला नाही. शिवाय लिप समोरून हवा झेलते. वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो. ताशी १०० च्या वेगात सुटलेली लिप तुमच्याच चाकाखाली येईल किंवा मागच्या दुचाकीस्वाराच्या अंगावर जाईल. हे डोळ्यांसमोर असताना नुसत्या टेपवर लिप सोडून गाडी परत देणं मला जमणार नाही, गिऱ्हाईक नाराज झालं तरी. स्क्रू बंपरच्या खालच्या कडेला आहेत, उभ्या माणसाला दिसत नाहीत.

दोन दिवस लागले तेही टेपमुळेच. लावल्यावर २० मिनिटांत त्याची पकड जेमतेम निम्मी होते, २४ तासांत सुमारे ९० टक्के, आणि पूर्ण व्हायला ७२ तास लागतात. थंडीत त्याहून जास्त. प्रेशर वॉशर लावू नका असं गाडी देताना बजावलं होतं, ते यासाठीच.

फटीबद्दल. लिप तुम्ही स्वतः आणलेली, फायबरची. रंगाआधी ती नुसती जागेवर धरून दाखवली तेव्हाच डावा कोपरा सुमारे ४ मिलिमीटर उघडा होता आणि ‘असू दे, रंगवून टाका’ असं तुम्ही म्हणालात. स्क्रूने ओढून ती फट तेव्हाच बुजवता आली असती. पण फायबर लवचिक नसतं, ताणात बसवलेला तुकडा पहिल्या खड्ड्यात चिरतो.

हा कोपरा सुधारता येतो. लिप उतरवून तिथे फायबरचा थर चढवायचा, घासून आकार द्यायचा आणि पुन्हा रंगवायचं. तुमची तयारी असेल तर मजुरी घेणार नाही, फक्त रंगाचा खर्च तुमचा. गाडी तीन दिवस ठेवावी लागेल. त्याच वेळी सगळे स्क्रू तपासून देतो, बसवल्यानंतर हजारेक किलोमीटरवर ते एकदा बघावेच लागतात. येण्याआधी फोन करा, म्हणजे रंगाचं काम करणारा कारागीर त्या दिवशी मोकळा ठेवतो.