थर्माकोलच्या पॅटर्नवर थेट पॉलिएस्टर रेझिन: एक खुलासा

थर्माकोलचा पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा काढायचा तो मूळ नमुना, घासून गुळगुळीत केला की त्यावर थेट पॉलिएस्टर रेझिन लावून फायबरग्लासचा साचा काढता येतो, हा सध्या फिरणारा सल्ला चुकीचा आहे. या रेझिनमधील स्टायरीन या द्रावकामुळे थर्माकोल विरघळतो आणि पॅटर्नला खड्डे पडतात. गाडीच्या डेंटिंगची नेहमीची पुट्टीही पॉलिएस्टरचीच असते, म्हणजे तीही थर्माकोलवर थेट चालत नाही, हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. इपॉक्सी या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनने असे नुकसान होत नाही. मात्र कोणताही फोम नुसता घासून साच्यायोग्य गुळगुळीत होत नाही, कारण घासताना त्याच्या पेशी उघड्या पडतात. म्हणून आधी इपॉक्सीचा थर द्यावा, मायक्रोबलून (अतिसूक्ष्म पोकळ गोळ्यांची हलकी पूड) मिसळलेल्या इपॉक्सीने छिद्रे बुजवावीत आणि ही इपॉक्सी पूर्ण कडक झाल्यावर ८० पासून ४०० नंबरपर्यंतचा पॉलिश पेपर सपाट ठोकळ्यावर गुंडाळून घासावे. नुसत्या बोटांनी घासल्यास पृष्ठभागावर लाटा उरतात. साचा पॅटर्नला चिकटू नये म्हणून लावायचे मेण आणि पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा पातळ थर) त्यानंतरच लावावे.