मरायला फुरसत नाही

शेवटच्या दिवशी ऑफिसात केक कापून झाला. चाळीस जणांच्या सह्यांचं मोठं कार्ड मिळालं. त्यातल्या निम्म्यांची नावं तुम्हाला कधी नीट उच्चारता आली नाहीत, आणि तुमचं नाव तर त्यातल्या कुणालाच आलं नाही. लॅपटॉप आणि गळ्यातला बिल्ला परत केला. मग सोमवार उजाडला, सवयीने सहाला जाग आली, दात घासून झाले, आणि सव्वासहाला तुमच्या लक्षात आलं की आजची कामं संपली.

घाबरून जाऊ नका. मी न्यू जर्सीत चौतीस वर्षं नोकरी करून बासष्टाव्या वर्षी घरी बसलो, त्याला आता तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत हाती घेतलेलं एकही काम मी पूर्ण होऊ दिलेलं नाही. तेवढ्या अधिकारावर चार शब्द सांगतो.

सगळ्यात आधी फोनवरचं उत्तर पाठ करा. भारतातून विचारणा होणारच: "मग, आता करतोस काय दिवसभर?" इथे चुकूनही "काही नाही, आराम" म्हणू नका. उत्तर एकच: "अरे, मरायला फुरसत नाही." का, तेही ऐका. गेली तीस-पस्तीस वर्षं आपण याच वाक्यावर काढली. याच वाक्यावर चुलतभावांची लग्नं बुडवली, भाचीचं बारसं बुडवलं, मामा आजारी होता तेव्हा "डिसेंबरात जमवतो" म्हटलं आणि मामा नोव्हेंबरात गेला. आता त्याच मंडळींना "वेळच वेळ आहे रे" असं कुठल्या तोंडाने सांगणार? तेव्हाची गडबड खरी होती हे पटवायचं असेल, तर आता तिच्या दुप्पट गडबड दाखवायला हवी.

सुरुवात हिशोबापासून करा. सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे इथल्या सरकारी पेन्शनचे, पैसे ६२व्या वर्षापासून घेता येतात, पण कापून. १९६० साली किंवा नंतर जन्मलेल्यांना पूर्ण रक्कम ६७व्या वर्षी, आणि तिथून ७०पर्यंत कळ काढली तर दर वर्षाला आठ टक्के जास्त. प्रश्न साधा आहे: कधी घ्यायचे? उत्तर काढायला फक्त आपण कधी मरणार एवढं माहीत हवं. तेव्हा एक्सेल उघडा. एका रकान्यात महागाई, दुसऱ्यात दोन्हीकडचे आजोबा किती वर्षं जगले ते, बायपास झालेल्या काकांना वेगळा रंग. माझी चौदा शीटं झाली आहेत. सदुसष्टऐवजी सत्तरला सुरू केलं, तर सोडून दिलेले तीन वर्षांचे पैसे वसूल व्हायला साडेबारा वर्षं लागतात. म्हणजे साडेब्याऐंशीच्या आत मरणं परवडत नाही. हा शोध मी बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितला. ती म्हणाली, "बरं. मग दूध आज आणताय की साडेब्याऐंशीला?"

एवढ्याने भागलं नाही, तर मायदेशातली खाती बाहेर काढा. प्रत्येकाचं एक तरी असतंच: आईने हौसेने आपलं नाव घातलेलं, सहकारी बँकेतलं, शिल्लक अकरा हजार दोनशे रुपये. परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षभरात एकदा जरी १०,००० डॉलरांच्या वर गेली, की अमेरिकन सरकारला प्रत्येक खातं कळवायचं, त्यात वर्षातली सगळ्यात मोठी शिल्लक किती होती तेही. अकरा हजार दोनशेसुद्धा. शिवाय भारताचं वर्ष एप्रिल ते मार्च आणि अमेरिकेचं जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे एकाच मुदतठेवीचं व्याज दोन वेगवेगळ्या ठिकाणी कापून दोनदा मोजावं लागतं. नियम करणाऱ्याच्या मनात निवृत्तांबद्दल केवढी कणव असेल! मुदत १५ एप्रिलची, चुकली तर आपोआप १५ ऑक्टोबर, म्हणजे उन्हाळाही मोकळा जात नाही. कुणी म्हणेल, बंद करून टाक ना ते खातं. खबरदार. ते बंद करायचं तर शाखेत जातीने जावं लागतं, आणि तिथला कारकून आईचं नाव घेऊन "त्या कशा आहेत?" असं विचारतो. नकोच ते.

१५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर मेडिकेअरची, म्हणजे पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्यविम्याची, योजना बदलायची मुदत असते, तेव्हा ते आठ आठवडे कुणाला देऊ नका. टपालात निवृत्तिनियोजनाच्या व्याख्यानाची गुळगुळीत आमंत्रणं येतात, सोबत रेस्टॉरंटात फुकट जेवण. जा. स्टेक नको म्हणा, पास्ता मागा, ॲन्युइटी या विमा-पेन्शनबद्दल दोन शंका विचारा आणि "बायकोशी बोलून सांगतो" म्हणून उठा. काही घरांत यावर आठवड्याची एक संध्याकाळ निघते.

पण खरा आधार कढीपत्त्याचा. ज्याच्या घरी कढीपत्ता नाही तो निवृत्त नव्हे, नुसताच बेकार.

कढीपत्ता भारतातून आणता येत नाही. लिंबू-संत्र्यांच्या बागांना घातक ठरणारी एक बारीक कीड त्याच्या पानांवर राहते, म्हणून विमानतळावरच काढून घेतात. त्यामुळे इथली रोपं घराण्यासारखी चालतात. माझं न्यू जर्सीतल्याच एडिसन गावच्या एका मावशींकडचं. त्यांच्या जुन्या झाडाच्या बुंध्याशी फुटलेलं, दह्याच्या रिकाम्या डब्यात घालून मला दिलेलं. देताना त्यांनी माझी चौकशी अशी केली, जशी लेक देताना करतात: दक्षिणेकडची खिडकी आहे का, हिवाळ्यात भारतात जाता का, गेलात तर याचं बघायला कोण?

तेव्हापासून माझा दिवस मार्गी लागला. रात्रीचं तापमान ५० फॅरनहाइटखाली जायच्या आत कुंडी घरात आली पाहिजे, म्हणून सप्टेंबर अर्धा सरला की मी दिवसातून पाच वेळा हवामान बघतो. कुंडीला चाकं लावली आहेत. ती उंबऱ्यावरून आत घेताना दोन माणसं लागतात: एक ढकलायला, दुसरं "सांभाळून" म्हणायला. आत आल्यावर रोप रुसतं आणि पानं गाळतं. मी पडलेली पानं मोजतो. मग दर पंधरवड्याला पातळ ताक. जानेवारीत देठांवर तपकिरी खवल्यांची कीड धरते. ती स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एक एक टिपायची. पान डाव्या तळहातावर उताणं घ्यायचं, मधल्या शिरेवरून काडी फिरवायची, काडीवर चिकट काळसर ठिपका आला की ती टाकून नवी घ्यायची. दोन चष्मे एकावर एक चढवून मला एका डहाळीला वीस मिनिटं लागतात. डहाळ्या नऊ आहेत. सकाळ कशी गेली ते कळत नाही.

परवा स्वयंपाकघरातून आवाज आला, "चार पानं द्या हो, फोडणी टाकलीय." मी म्हटलं, "गेल्या आठवड्यात दोन दिली होती ना?" त्यावर काही उत्तर आलं नाही. नंतर कळलं की ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानातली पाकिटं फ्रीझरमध्ये कायम असतात आणि गेली दोन वर्षं मी आमटीत खातोय ती तीच पानं. हे मी मनावर घेतलेलं नाही. पाहुणे आले की मी नातीच्या फोटोआधी रोप दाखवतो. मध्यंतरी ग्रुपवर त्याचा फोटो टाकला, तर टेक्ससच्या एका गृहस्थाने अंगणातल्या आपल्या झाडाचा फोटो टाकला. ते छपराच्या पन्हळीला टेकलं होतं. मी दोन दिवस ग्रुप सोडला. त्यातही दोन दिवस गेलेच.

मंडळाचं काम सांगायला नको. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची शिखर संस्था, बृहन्महाराष्ट्र मंडळ, १९८१ सालची. दर दोन वर्षांनी अधिवेशन भरतं. ज्येष्ठांसाठी 'उत्तररंग' नावाचा वेगळा उपक्रमही आहे. तुम्ही आपल्या गावच्या मंडळाच्या खाद्यसमितीत शिरा. गणपतीला पानात वडे दोन की अडीच, यावर आमच्या समितीच्या झूमवर चार बैठका झाल्या. अडीच कसे, असं विचारू नका. तो अर्धा वडा माझ्या सूचनेतून आला आणि इतिवृत्तात त्याची नोंद आहे.

नातवंडांवर मात्र फार विसंबू नका. त्यांना वेळ नसतो. माझी नात सात वर्षांची आहे. सोमवारी पोहणं, मंगळवारी गणित, बुधवारी कथक, गुरुवारी सॉकर. सुनेने सगळ्यांसाठी मिळून एक कॅलेंडर केलं आहे, त्यात शुक्रवारी ४ ते ४:४५ 'आजोबा' असं जांभळ्या चौकोनात लिहिलेलं असतं. गेल्या शुक्रवारी मी तिला 'बाळ' म्हणायला शिकवत होतो. "बाल." "बाल नाही, जीभ वर वळव, बाळ." पाचव्यांदा तिला जमलं. तिने टाळी वाजवली आणि घड्याळाकडे बघितलं. तिची नजर कुठे गेली ते मी ओळखलं, कारण ती सवय आमच्याच घरातली आहे.

एका गोष्टीपासून लांब राहा. इथे 'मील्स ऑन व्हील्स' म्हणून व्यवस्था आहे. एकट्या राहणाऱ्या, घराबाहेर न पडू शकणाऱ्या म्हाताऱ्यांना दुपारचं जेवण घरी पोचवायचं. ऐकायला छान वाटतं म्हणून मीही एकदा गाडी काढली. जेवण दोन मिनिटांत देऊन होतं, पण ती माणसं दारातून हलत नाहीत. एक आजोबा चौकटीला हात टेकून उभे राहिले आणि कोरियातल्या थंडीबद्दल बोलायला लागले. तिथे ते विसाव्या वर्षी सैनिक म्हणून होते. पुढे पाच घरं बाकी होती, मी किल्ल्या वाजवत उभा. ते म्हणाले, "तुला घाई असेल." मी "नाही, नाही" म्हटलं आणि चाळीस मिनिटं थांबलो. घरी आलो तर दिवस मावळलेला, एक्सेल उघडलेलं नाही, कढीपत्त्याला ताक नाही आणि मला काही चुकल्यासारखंही वाटत नव्हतं. असल्या कामाने माणूस बिझी राहत नाही, गुंततो. पुढच्या आठवड्यात मी पाठदुखी कळवली.

त्यापेक्षा 'परत जायचं का?' हा प्रश्न पाळा. तो कढीपत्त्यापेक्षा टिकाऊ आहे, त्याला ताकही लागत नाही. पुण्यातला फ्लॅट कुलूपबंद ठेवा. सोसायटीचा देखभाल खर्च भरत राहा, गळतीचे व्हिडिओ मागवा. जायचं ठरवलं की लगेच मेडिकेअर भारतात चालत नाही हे आठवा. मेडिकेअरचा पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, सोडून जावं म्हटलं, तर परत येऊन घेताना दर बारा महिन्यांमागे दहा टक्के दंड, तोही बहुतेक जन्मभर. राहायचं ठरवलं की बर्फ आठवा. एकदा आम्ही जायचं नक्की केलं होतं. बॅगाही काढल्या, प्रत्येकी दोन, तेवीस-तेवीस किलो, काट्याला लटकवून वजन केलं. तेव्हा बायको म्हणाली, "आणि रोप?" बॅगा परत माळ्यावर गेल्या. भारतातून कढीपत्ता इकडे आणता येत नाही हे ठाऊक होतं, पण इकडून तिकडे कढीपत्ता नेणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतील, हा विचार आम्ही केलाच नव्हता.

आता राहिला फोन. दर गुरुवारी रात्री साडेनऊला मी कोथरूडच्या मित्राला लावतो. तिकडे शुक्रवारची सकाळ, सातचा सुमार. तोही निवृत्त आहे, बँकेतून. परवाच्या गुरुवारी मी सगळी यादी तयार ठेवली होती: मेडिकेअर, अर्धा वडा, टेक्ससवाल्याचा आगाऊपणा. तो जिना उतरतच बोलत होता. खालून कुणीतरी त्याच्या नावाने हाक मारली. "अरे, वेताळ टेकडीवर निघालोय, सगळे खाली थांबलेत. बोल पटकन, काही खास?"

"नाही, सहज."

"मग करतोस काय दिवसभर?"

उत्तर पाठच होतं. ते पुरतं ऐकायच्या आत "बरं, ठेवतो रे" झालं.

पण तेही एक कामच म्हणा. कारण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात आणि पुण्याशी साडेनऊ तासांचं अंतर साडेदहा होतं. म्हणजे फोनची वेळ बदलायची, कॅलेंडर बदलायचं आणि घरातली घड्याळंही. फोन-कॉम्प्युटर स्वतःचं स्वतः करतात, त्यांचा नाद सोडा. उरतात शेगडीवरचं, मायक्रोवेव्हचं, दिवाणखान्यातलं लंबकाचं, न्हाणीघरातलं आणि सासऱ्यांचं मनगटी. रोज एकच करा, म्हणजे शुक्रवार गाठता येतो. गाडीतल्या घड्याळाला मात्र हात लावू नका. ते मार्चमध्ये आपोआप बरोबर होतं.