‘हलकं रिव्हॉल्व्हर म्हणजे सोपं रिव्हॉल्व्हर’: एका फॉरवर्डची उलटतपासणी

व्हॉट्सॲपवर एक सल्ला अधूनमधून फिरत असतो. शब्द बदलतात, मजकूर तोच. एकट्या राहणाऱ्या बाईने किंवा नवशिक्याने मिळेल तेवढं लहान आणि हलकं रिव्हॉल्व्हर घ्यावं. ते चालवायला सोपं असतं, कधी अडकत नाही, जवळून नेम धरावा लागत नाही, पर्समध्ये मावतं आणि नुसतं दाखवलं तरी समोरचा पळतो. सोबत बहुतेक वेळा ‘निर्भीक’ या रिव्हॉल्व्हरचा फोटो असतो. यातलं पर्समध्ये मावण्याचं तेवढं खरं आहे. बाकीचं एकेक करून पाहू.

‘हलकं, म्हणून चालवायला सोपं’

सगळा गोंधळ या एका वाक्यात आहे. हलकं शस्त्र बाळगायला सोपं असतं. चालवायला ते तेवढंच अवघड होत जातं.

गोळी आणि जळालेल्या दारूचा वायू जेवढा संवेग पुढे घेऊन जातात, तेवढाच रिव्हॉल्व्हरला मागे मिळतो. काडतूस तेच ठेवून शस्त्राचं वजन निम्मं केलं, तर ते दुप्पट वेगाने मागे येतं आणि झटक्याची ऊर्जाही दुप्पट होते. आपल्याकडचं उदाहरण घ्या. आयुध निर्माणीचं ०.३२ बोअरचं नेहमीचं पोलादी रिव्हॉल्व्हर रिकामं असताना सुमारे ७०० ग्रॅम भरतं. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरहून बाजारात आलेलं ‘निर्भीक’ टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, ५०० ग्रॅमचं. काडतूस दोन्हींत एकच. म्हणजे ‘निर्भीक’चा झटका ऊर्जेच्या हिशेबात सुमारे ४० टक्के जास्त. किंमतही त्या वेळी सव्वा लाखाच्या आसपास होती.

हेच ०.३२ एस अँड डब्ल्यू लाँग काडतूस २५ मीटर सेंटर-फायर पिस्तूल स्पर्धेतले नेमबाज वर्षानुवर्षं वापरत आले आहेत, कारण त्याचा झटका सौम्य आहे. पण त्यांच्या हातातलं पिस्तूल किलोच्या वर असतं. नियमाने १४०० ग्रॅमपर्यंत चालतं. ज्यांचा हात सगळ्यांत तयार, ते जड शस्त्र घेतात आणि नवशिक्याला मात्र सर्वांत हलकं घ्यायला सांगितलं जातं!

न्यायाने सांगायचं तर ०.३२ मध्ये ५०० ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर हात दुखवत नाही. प्रश्न दुसऱ्या गोळीचा असतो: पहिलीनंतर नळी वर उडते, मूठ हातात सरकते आणि नेम परत बसायला वेळ लागतो. खरा त्रास अमेरिकेतल्या हलक्या मॉडेलांत दिसतो. स्मिथ अँड वेसनचं ६४२ हे ०.३८ स्पेशलचं मॉडेल सुमारे ४१० ग्रॅमचं, तर ३४०पीडी सुमारे ३३५ ग्रॅमचं आणि तेही ०.३५७ मॅग्नम या कितीतरी जोरदार काडतुसासाठी. तिथल्या मराठी मंडळींना दुकानदार ‘लेडीज गन’ म्हणून असलं काही पुढे करत असेल, तर आधी रेंजवर भाड्याने घेऊन पाच गोळ्या झाडून पाहाव्यात. सहाव्या गोळीचा उत्साह उरला, तर विकत घेण्याचा विचार करावा.

झटक्यापेक्षाही मोठी अडचण चापाची आहे. घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा भाग) आधी अंगठ्याने न चढवता नुसता चाप ओढून गोळी झाडायची, म्हणजे डबल ॲक्शन, तर अशा लहान रिव्हॉल्व्हरांना साधारण साडेचार ते साडेपाच किलोचा जोर लागतो. स्पर्धेच्या २५ मीटर पिस्तुलाला किमान मर्यादा आहे एका किलोची. पाचशे ग्रॅमची वस्तू हातात स्थिर धरायची आणि तिच्यावर तिच्या वजनाच्या दहापट जोर एका बोटाने लावायचा, हे ते काम आहे. नळी हलते ती इथे, गोळी सुटायच्या आधी.

उपाय म्हणून ‘घोडा चढवून ठेवा, चाप हलका होतो’ असा पोटसल्लाही असतो. तो धोक्याचा आहे. चढवलेला चाप दीड-दोन किलोवर सुटतो, हात थरथरत असतात, आणि झाडायची वेळ आलीच नाही तर भरलेल्या रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्याने हळूच उतरवावा लागतो. अंगठा निसटला की गोळी सुटली. स्वसंरक्षणासाठी सराव डबल ॲक्शनचाच करावा.

तो असा. मूठ शक्य तितकी वर पकडायची, तळहाताची वरची कड मुठीच्या मागच्या वळणात घट्ट बसवून. पकड जितकी खाली, तितकी नळी जास्त उडते. दुसऱ्या हाताची बोटं पहिल्या हाताच्या बोटांवर घट्ट आवळायची, अंगठे खाली वळवायचे. एकही बोट किंवा अंगठा सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसं भरायच्या फिरत्या भागाच्या, पुढच्या कडेपाशी जाता कामा नये, कारण सिलिंडर आणि नळी यांच्यातल्या फटीतून दर गोळीला तप्त वायू आणि शिशाचे कण बाहेर फेकले जातात. पिस्तुलावर (त्यात फिरतं सिलिंडर नसतं) शिकलेले लोक इथे हमखास चुकतात. चापावर बोटाच्या टोकाऐवजी पहिल्या सांध्याजवळचा भाग ठेवायचा, टोकात तेवढा जोर नसतो. मग एका संथ, न थांबणाऱ्या ओढीत चाप मागे आणायचा आणि गोळी सुटल्यावर पूर्ण पुढे जाऊ द्यायचा. घाईत अर्धवट सोडून पुन्हा ओढला तर चाप अडतो, किंवा सिलिंडरचं एक घर, म्हणजे काडतूस बसायची खोबण, न वापरताच पुढे सरकतं.

‘रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही’

कमी वेळा अडकतं, हे कबूल. फुसकं काडतूस निघालं तर चाप पुन्हा ओढला की पुढचं घर समोर येतं, हा त्याचा मोठा गुण. पण रिव्हॉल्व्हर अडकलं, तर बहुधा पेचकस लागेपर्यंत अडकतं.

सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या ताऱ्याखाली, म्हणजे एक्स्ट्रॅक्टरखाली, साचलेले न जळालेल्या दारूचे कण. दोन-चार कणांनी तारा इतका वर राहतो की सिलिंडर फिरताना घासतं. प्रत्येक सरावानंतर तिथे जुना टूथब्रश फिरवणं, तोही कोरडा, एवढाच इलाज. दुसरं कारण पुंगळ्या काढण्याच्या पद्धतीत आहे. आपली ०.३२ रिव्हॉल्व्हरं ब्रिटिश वेब्ली कंपनीच्या वळणाची, वरून कुलूप सोडून मधोमध मोडणारी, म्हणजे नळी खाली झुकवून उघडणारी. ती हळूहळू उघडली तर तारा वर येऊन परत बसतो आणि एखादी पुंगळी त्याच्याखाली सापडते. मग सिलिंडर बंदही होत नाही आणि पुंगळीही निघत नाही. उघडायचं ते एका झटक्यात, आणि सिलिंडरची मागची बाजू जमिनीकडे कलवून, म्हणजे पुंगळ्या आपल्या वजनानेच पडतात.

अतिहलक्या मॅग्नम रिव्हॉल्व्हरांना आणखी एक खोड असते. झटक्यासरशी न झाडलेल्या काडतुसांतली गोळी पुंगळीतून पुढे सरकते, सिलिंडरच्या बाहेर डोकावते आणि फ्रेमला अडून सगळं जाम होतं. ०.३२ मध्ये ही भीती कमी.

आपल्याकडे खरी कटकट काडतुसांची आहे. ती परवान्यावर लिहिलेल्या संख्येतच मिळतात, म्हणून लोक जपून ठेवतात, आणि जपलेली काडतुसं बिघडतात. चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवलेल्या काडतुसांच्या पितळेला कळंक चढतो. कोकणात आणि मुंबईत तर एका पावसाळ्यात. असं काडतूस सिलिंडरच्या घरात नीट बसत नाही. रिव्हॉल्व्हरला सढळ हाताने घातलेलं तेल काडतुसाच्या टोपीत (बुडाशी असलेल्या, दारू पेटवणाऱ्या भागात) झिरपलं तर ते फुसकं निघतं. घरं कोरडी पुसूनच काडतुसं भरावीत, जुनी सरावात संपवावीत, नवी स्वसंरक्षणाला ठेवावीत.

सरावात चाप ओढूनही गोळी सुटली नाही, तर नळी लक्ष्याकडेच धरून ३० सेकंद थांबावं. टोपी उशिरा पेटू शकते. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका, झटका नावापुरता आला, तर तिथेच थांबायचं. गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुटते.

या संदर्भात ईशापूरच्या रायफल फॅक्टरीच्या ‘निडर’चंही नाव घेतलं जातं: ०.२२ बोअर, २५० ग्रॅम. ०.२२ ची टोपी वेगळी नसते, मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला असतो. फुसकी काडतुसं या जातीत जास्त निघतात. शिवाय रिकामं असताना चाप ओढण्याचा सराव अशा शस्त्रावर करू नये, पिन घराच्या कडेवर आपटते.

‘जवळून नेम धरावा लागत नाही’

नळीवरची माशी, म्हणजे नेम धरायचा उंचवटा, आणि मागची खाच यांच्यात अंतर समजा दहा सेंटिमीटर आहे. माशी एक मिलिमीटर सरकली, तर सात मीटरवर गोळी सात सेंटिमीटर सरकते. पाच किलोचा चाप ओढताना माशी तीन मिलिमीटर सहज हलते, म्हणजे एकवीस सेंटिमीटर. ए-फोर कागदाच्या मध्यावर धरलेला नेम कागदाबाहेर गेला. घरात कागदामागे भिंत, दार, शेजारी असतात.

वेळेचंही तसंच. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं की चाकू घेतलेला माणूस २१ फूट, म्हणजे साडेसहा मीटरच्या आत, दीड सेकंदात अंगावर येतो. तेवढ्यात पर्सची चेन उघडायची, चाव्या-रुमालातून मूठ शोधायची, उंच घोडा अस्तरात न अडकवता शस्त्र बाहेर काढायचं. चोर पहिला हात पर्सलाच घालतो, ते वेगळंच. पर्समध्येच ठेवायचं असेल, तर त्यासाठी राखलेला कप्पा आणि चापाची कडी पूर्ण झाकणारं कडक म्यान हवं. मोकळं टाकलं तर किल्लीसुद्धा चाप ओढते.

आधी तीन मीटरवरून सुरुवात करावी, सगळ्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत येईपर्यंत अंतर वाढवू नये. मग पाच, मग सात. गोळी सुटायच्या आधी दचकण्याची सवय पकडायला रिव्हॉल्व्हर फार सोयीचं: चार खरी काडतुसं आणि दोन डमी, म्हणजे बिनदारूची, भरायची, सिलिंडर न पाहता फिरवून बंद करायचं. घोडा डमीवर पडला आणि नळी खाली झुकली, तर चूक डोळ्यांसमोर येते. घरी सेंटर-फायर (०.३२ सारख्या, टोपी बुडाच्या मध्यावर असलेल्या काडतुसाच्या) रिव्हॉल्व्हरवर डमी घालून, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, नळीवर नाणं ठेवायचं आणि ते न पाडता दहा वेळा चाप ओढायचा. रोज. गोळीचा खर्च शून्य.

दुकानातही हीच परीक्षा. शस्त्र रिकामं असल्याची खात्री करून, विक्रेत्याला विचारून, भिंतीवरच्या एका ठिपक्यावर डबल ॲक्शनने चाप ओढून पाहावा. मूठ नीट धरल्यावर बोट चापापर्यंत पोचत नसेल, तर ते शस्त्र तुमचं नाही, मग ते कितीही गोजिरं असो. चाप मागे दाबून धरलेला असताना सिलिंडर डगडग हलू नये. नळी आणि सिलिंडरमधली फट पाव मिलिमीटरच्या आत असावी आणि मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचं वरचं कुलूप बंद असताना नळी हाताने खुळखुळू नये. जुनं घेत असाल तर ही शेवटची तपासणी आधी करा. घरात ठेवण्यासाठीच हवं असेल, तर ७०० ग्रॅमचं पोलादी घ्या. दोनशे ग्रॅम वाचवण्याचं तिथे काही कारण नाही.

‘नुसतं दाखवलं तरी पळतो’

आणि नाही पळाला तर? ०.३२ ची गोळी नळीतून जेमतेम दीडशे ज्यूल घेऊन निघते. ९ एमएमची त्याच्या तिप्पट. पण ९ एमएम सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही. तेव्हा एका गोळीत माणूस थांबेल हा हिशेब धरूच नये.

कायद्याची बाजू फॉरवर्डमध्ये कधीच नसते. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं खासगी संरक्षणाच्या हक्काची. कलम ३७ म्हणतं की पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. जिवावर बेतेपर्यंतचा हक्क कलम ३८ मध्ये मोजक्या प्रसंगांपुरता आहे: मृत्यूची वा गंभीर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला असे. पार्किंगच्या भांडणात रिव्हॉल्व्हर बाहेर काढणं यात कुठेही बसत नाही. तो धमकावण्याचा गुन्हा होतो आणि परवानाही जातो. परवाना मुंबई-पुण्यासारख्या पोलीस आयुक्तालयाच्या शहरांत पोलीस आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे मागायचा. २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षा-प्रशिक्षणाची तरतूद आहे. ते प्रमाणपत्र कागदापुरतं न घेता तिथल्या प्रशिक्षकाकडूनच डबल ॲक्शनचा चाप तपासून घ्यावा, आणि तोही खरेदीच्या आधी.