"चुकतंय कुठे?" असं त्याने विचारलं होतं

सकाळपासून डोकं फिरलंय. आमच्या स्केचिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परभणीच्या एका नवीन मुलाने चित्र टाकलं. अंगणातला कडुलिंब, जलरंगात. खाली स्वच्छ लिहिलंय, "सावली मळकट होतेय, चुकतंय कुठे?" आणि त्याखाली ४१ अंगठे, फुलं, "वाऽऽ", "अप्रतिम". उत्तर एकाचंही नाही. अरे, कौतुक मागितलंच नव्हतं त्याने!

मी ग्रुपवर नवीन होते तेव्हा गोदाघाटावर बसून नारोशंकराचं देऊळ रंगवलं होतं. शाळेत इंटरमिजिएट दिली, त्यानंतर वीस वर्षं ब्रशला हात नाही. चित्र टाकलं, ढीगभर "सुंदर" आले. रात्री सांगलीच्या एका निवृत्त कलाशिक्षकांचा मेसेज आला : "ताई, ऊन कुठून येतंय?" बस, एवढाच.

इतका राग आला! दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी चित्र भिंतीला टेकवून लांबून बघितलं, तर देवळाची सावली एकीकडे, पायऱ्यांवरच्या माणसांची दुसरीकडे. अकराला बसले होते, दोनला उठले. ऊन सरकत गेलं आणि मी दिसेल तशी सावली काढत गेले. काकांनी मग वहीच्या पानावर तीन चौकोन रंगवून फोटो पाठवला : फिका, मधला, गडद. "डोळे बारीक करून पहिल्या पाच मिनिटांत एवढं ठरवून टाका. मग ऊन जाऊ दे कुठं जायचं तिकडं."

त्या ढीगभर "सुंदर"मधलं एकही नाव आज आठवत नाही. तो प्रश्न मात्र दर वेळी कागद लावला की कानात वाजतो.

जागेवर बसून काढायचं, ठिकाण आणि वेळ लिहायची, हे आपण अर्बन स्केचर्सकडून घेतलं. २००७ साली सिएटलच्या गॅब्रिएल कँपनारिओनी सुरू केलेली ती चळवळ. मग एकमेकांच्या चित्राकडे नीट बघणं का नाही घेतलं? दोन मिनिटंसुद्धा नाहीत?

हो, कौतुकाने हुरूप येतो, मान्य. पहिल्याच चित्रावर तुटून पडणारेही आहेत, त्यांना ॲडमिनने खुशाल काढावं. समोर बसून शिकवणारा गुरू केव्हाही बरा, तेही मान्य. पण तो सगळ्यांच्या गावात नसतो ना. त्या मुलाकडे फोन आहे आणि आपण आहोत.

आता लिहिता लिहिता राग उतरलाय, कारण सकाळी बदाम टाकून पुढे गेलेल्यांत मीही होते. दुपारी त्याला लिहिलं, खालचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, अर्धवट ओला असताना तू परत परत ब्रश फिरवतोयस, खालचा रंग उचलला जातोय. पूर्ण वाळू दे. मग सावली एका दमात टाक आणि हात काढून घे. वाळल्यावर फिकी पडते, म्हणून जरा गडदच घे.

लगेच त्याने कागदाचा फोटो पाठवला. साधा ड्रॉइंग पेपर, पापडासारखा फुगलेला. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड कागद घे म्हटलं, तर "ताई, महाग आहे." खरंय. पण २२ बाय ३० इंचाच्या एका शीटचे आठ तुकडे होतात. पत्ता मागितलाय. दोन तुकडे उद्या पोस्टात टाकते.