मामांची रॅम आणि भजनी मंडळातला मेसेज

डिचोलीहून मामांचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. देवस्थानचे हिशेब मामलेदार कचेरीत द्यायचे, खजिनदार मामा, आणि कॉम्प्युटरवर एक्सेल उघडायलाच वीस मिनिटं. "कालपर्यंत नुसता हळू होता रे, आज मेल्यातच जमा." काय केलंत विचारलं तर आधी "काही नाही". मग हळूच, "ग्रुपवर तो मेसेज आला होता ना, तेवढं केलं."

तो मेसेज म्हणजे: 'दुकानदार कधीच सांगणार नाहीत अशा ७ युक्त्या! मेमरी मोकळी करा, रॅम डबल करा, जुना कॉम्प्युटर रॉकेटसारखा पळवा.' (रॅम म्हणजे चालू कामातली माहिती कॉम्प्युटर हाताशी ठेवतो ती मेमरी.) भजनी मंडळाच्या ग्रुपवर तो आलाच होता. दोन दिवसांनी फोंड्याच्या मावशीनेही पाठवला, वर "खूप उपयुक्त" असं लिहून. आता मात्र गप्प बसवत नाही.

पाचव्या युक्तीपासूनच सुरुवात करतो, कारण मामांचा कॉम्प्युटर तिनेच झोपवला. ती सांगते: विंडोजच्या 'रन' चौकटीत 'एमएसकॉन्फिग' टाइप करा, बूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथे 'मॅक्सिमम मेमरी'वर टिक करून १०२४ लिहा, म्हणजे रॅम १०२४ एमबीने वाढेल.

वाढेल? अहो, ती मर्यादा आहे. तिथे १०२४ लिहिलं की विंडोजला हुकूम जातो, मशीनमध्ये कितीही रॅम असू दे, १०२४च्या वर हात लावू नकोस. मामांच्या कॉम्प्युटरमध्ये आहे ४ जीबी, म्हणजे ४०९६ एमबी. त्यातली पाऊण रॅम त्यांनी स्वतःच्या हाताने कुलूपबंद केली. ६४-बिट विंडोज १० ला मायक्रोसॉफ्ट कमीत कमी २ जीबी सांगते, आणि इथे त्याच्या निम्म्यावर सगळा संसार. ती सोय आहे प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी, कमी रॅमच्या मशीनवर आपला प्रोग्राम कसा चालतो ते तपासायला. आकडा याहून फारच लहान पडला असता तर विंडोज सुरूच झालं नसतं आणि हिशेब अडकले असते ते वेगळंच. शेजारच्या 'नंबर ऑफ प्रोसेसर्स'चीही तीच गत. टिक नसते तेव्हा विंडोज सगळे प्रोसेसर वापरतं, टिक करून तुम्ही फक्त कमी करू शकता. ज्यांनी केलं असेल त्यांनी आजच टिक काढून रीस्टार्ट करा. मामांना फोनवर हे करायला सांगितलं, त्यात पाऊण तास गेला.

सहावी युक्ती 'रॅम बूस्टर', म्हणजे रॅम मोकळी करून देतो म्हणणारं सॉफ्टवेअर, उतरवून घ्यायची. ही थाप फार जुनी आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत 'सॉफ्टरॅम' नावाचं सॉफ्टवेअर रॅम दुप्पट करतो म्हणून लाखोंनी खपलं, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला धरलं, कारण दुप्पट काहीच होत नव्हतं. विंडोजच्या पोटात काय चालतं हे ज्यांच्याइतकं क्वचितच कोणाला ठाऊक असेल त्या मार्क रुसिनोविच यांनी २००४ मध्ये लेख लिहून या बूस्टरांना सरळ फसवणूक म्हटलं. दोन वर्षांनी मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच विकत घेतली, तेव्हा माणूस ऐऱ्यागैऱ्या नव्हे.

रुसिनोविच यांचं म्हणणं मामांना मामांच्याच भाषेत सांगितलं. भजनाला बसताना पेटी, तबला, झांजा माळ्यावरून काढून पुढ्यात मांडता ना? बूस्टर म्हणजे ऐन अभंगात कोणीतरी उठतो, सगळं उचलून माळ्यावर टाकतो आणि म्हणतो, बघा किती जागा मोकळी झाली! आकडा खरोखर मोकळा दिसतो. पण पुढचं चरण घ्यायचं तर पुन्हा शिडी लावायची. एक्सेलचंही तेच होतं, रॅममधून हाकललेली माहिती परत डिस्कवरून आणावी लागते. शिवाय रिकामी रॅम काही पुण्य नव्हे. उरलेल्या जागेत विंडोज मुद्दाम वापरातल्या फायली धरून ठेवतं, आणि कोणाला गरज पडली की लगेच सोडतं.

बाकीच्या भराभर. एफ-५ दाबून 'रिफ्रेश' केल्याने डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा काढली जातात, बस्स. 'प्रीफेच' फोल्डर रिकामा करू नका, प्रोग्राम लवकर उघडावेत म्हणून तो विंडोज स्वतः सांभाळतं; पुसलात तर पुढच्या वेळी प्रोग्राम उलट उशिरा उघडतील. चौथी युक्ती व्हर्च्युअल मेमरी, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची जागा, बंद करायची. ४ जीबीच्या मशीनवर हे केलंत तर रॅम संपताच प्रोग्राम बंद पडेल आणि सेव्ह न केलेलं काम पाण्यात. एवढी एक मामांनी केली नव्हती, तेही ते पान सापडलं नाही म्हणून.

आता नाइलाजाने मान्य करतो. टेम्प म्हणजे तात्पुरत्या फायली आणि रीसायकल बिन साफ करायचा सल्ला अगदीच वाया नाही. त्याने रॅम कणभरही वाढत नाही, डिस्क आणि रॅम यांची मेसेजने खिचडी केली आहे. पण सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असेल तर व्हर्च्युअल मेमरीला वाढायला जागा उरत नाही आणि मशीन खरंच अडखळतं. रोज रीस्टार्टचा सल्लाही चालेल. फक्त रीस्टार्टच करा, शटडाउन नव्हे: विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो; रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

रविवारी डिचोलीला गेलो. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला तर डिस्क १०० टक्के कामात. दोन अँटीव्हायरस एकमेकांवर पहारा देत बसलेले, त्यातल्या एकाची मुदत कधीच संपलेली. तो काढला. कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होणारे पाच प्रोग्राम स्टार्टअपमधून बंद केले. एक्सेल मिनिटभरात उघडलं. आतली डिस्क जुनी फिरती आहे. ती बदलून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घालायची, आणि रॅमचा एक खाचा रिकामा आहे तिथे ४ जीबीची आणखी एक पट्टी. म्हापशाला गेलो की आणतो.

हिशेब सोमवारी गेले. मी निघताना मामा खुर्चीत बसून एफ-५ दाबत होते.

"मामा!"

"सवय रे," ते म्हणाले, "याने काही बिघडत नाही म्हणालास ना?"