चार थाऊचा फरक

मी 33 वर्षं बँकेत काढली. दिवसअखेर रुपयाचा फरक निघाला तर रात्री दहापर्यंत बसून तो शोधायचा, अशी सवय. त्यामुळे देवगडहून पुतण्याचा फोन आला, "काका, बोटीचा शाफ्ट लायनीत घ्यायचाय, दोन तासांचं काम आहे," तेव्हा रिकामटेकड्या माणसाच्या उत्साहाने मी निघालो. शाफ्ट म्हणजे इंजिनाचा फेरा मागच्या पंख्यापर्यंत नेणारा दांडा. त्या बोटीत माझी आठ आणे भागी आहे. म्हणजे माझा फंड तिथे तरंगतो.

गेल्या हंगामाच्या शेवटी बोट थरथरायला लागली होती. वेग वाढवला की चहाचे पेले फळीवरून आपणहून चालत खलाशांकडे यायचे. शाफ्ट बाहेर पडतो तिथल्या ग्लँडमधून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या बुचातून, थेंब थेंब पाणी आलेलं चालतं, आमच्याकडे धार लागायची. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोट दोन महिने किनाऱ्यावर. तेव्हाच हे का नाही उरकलं, असं मी मिस्त्रीला विचारलं. त्याने माझ्याकडे, पासबुक उलटं धरणाऱ्या खातेदाराकडे मी बघायचो, तसं बघितलं.

"सायबानू, बोट पाण्यात गेल्याशिवाय इंजिन लायनीत येवचा नाय."

कारण ऐकल्यावर मीच ओशाळलो. जमिनीवर बोट टेकूंवर बसते, तिथे तिचा आकार वेगळा. पाण्यात गेली की सगळीकडून उचलली जाते, आकार पुन्हा बदलतो. त्यात आमची लाकडाची, फळ्या पाणी पिऊन फुगतात. म्हणून पाण्यात लोटल्यावर दोन दिवस तिला नुसतं मुरू दिलं होतं.

इंजिनाच्या खणात मी उतरलो म्हणणं चूक, मला घडी घालून आत ठेवण्यात आलं. गुडघे कानाशी, ढुंगण गियरबॉक्सवर, खाली डिझेल, समुद्र आणि मागच्या हंगामातला बांगडा यांचं मिश्रण. माझ्याकडे टॉर्च आणि वही. कपलिंगचे, म्हणजे जोडाचे, दोन तवे, एक गियरबॉक्सचा, एक शाफ्टचा, समोरासमोर आणायचे आणि मधली फट फिलर गेजच्या पात्यांनी चार ठिकाणी मोजायची. (लग्नाची उपमा मिस्त्रीने पहिल्या पाच मिनिटांतच वापरून टाकली, त्यामुळे माझ्यासाठी ती उरली नाही.) माप थाऊमध्ये, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. कपलिंग जितके इंच रुंद, तितके थाऊ माफ. आमचं पाच इंची. समोरासमोरच्या दोन फटींत पाच थाऊहून जास्त फरक नको.

मी वहीत लिहिलं: वर 19, खाली 7, डावीकडे 12, उजवीकडे 13.

मग शाफ्ट अर्धा फिरवून पुन्हा मापं. फट शाफ्टबरोबर फिरली तर शाफ्ट वाकडा, जागच्या जागी राहिली तर इंजिन वाकडं. फट जागेवरच होती. इंजिन वाकडं निघाल्याचा इतका आनंद मला कधी होईल असं वाटलं नव्हतं, कारण नव्या शाफ्टची किंमत पुतण्याने आदल्या रात्रीच सांगून ठेवली होती. वरची फट मोठी, म्हणजे इंजिन पुढून उचलायचं. पहार घातली, बोल्ट ढिले केले, पुढून उचललं. वर-खाली जमलं, डावं-उजवं बिघडलं. ते जमवलं तर सगळं इंजिनच केसभर डावीकडे सरकलेलं. इतक्यात वहिनी चहा घेऊन फळीवरून बोटीत आल्या आणि मिस्त्री आतून ओरडला, "कोणी हलू नकात!" वहिनी एक पाय बोटीत, एक फळीवर अशा थांबल्या. वाचन 9 चं 10 झालं. चहाचा दोष की वहिनींचा, मिस्त्री बोलला नाही. तेवढी समज त्याला होती.

दुपारी एक वाजता बोल्टांखाली घालायला पातळ पत्रा हवा झाला. पितळी पत्रा मिळतो ते दुकान रविवारचं बंद. मिस्त्रीने घाम पुसला आणि म्हणाला, "बिअरचो डबो आणा." मी म्हटलं, काम झाल्यावर देऊ की. तो म्हणाला, "काम होवक व्हयो म्हणूनच." डब्याचा पत्रा बरोब्बर चार थाऊ, असं त्याचं म्हणणं. मी गेज लावून बघितलं. चारच.

पण भरलेल्या डब्यातून पत्रा कापता येत नाही, ही तांत्रिक अडचण होती. ती त्याने दोन मिनिटांत सोडवली. कात्रीने दोन चौकोन कापले, मधे बोल्टापुरती खाच, इंजिनाच्या पायाखाली सरकवले. फरक तीन थाऊ! मी वहीवर बरोबरची खूण केली. मग त्याने नट आवळले, पुन्हा मोजलं, फरक सात. आवळताना इंजिन बसतं, हे त्याला ठाऊक होतं. मला वाटतं, ते त्याला डबा मागवतानाच ठाऊक होतं.

आणखी डबे आले, फरक पाचाच्या आत आला आणि साडेपाचला बोट बंदराबाहेर काढली. झाकणावर ठेवलेला चहाचा पेला जागचा हलला नाही. ग्लँडमधून थेंब पडत होते, मोजून, शहाण्यासारखे.

रात्री मी खर्चाची वही लिहायला बसलो. डबे आणले पाच. इंजिनाखाली गेला तो पत्रा मोजला, तीन डब्यांचा. फरक दोन डबे. मिस्त्री घरी गेला होता, पुतण्या वर बघत नव्हता. 33 वर्षांत प्रथमच न शोधता फरक सस्पेन्स खात्यात, म्हणजे न लागलेल्या हिशेबाच्या खात्यात, टाकला आणि वही मिटली.