ओळखीचा आवाज

गणपतीत घरच्या ग्रुपवर गोव्याच्या मांडवी नदीतल्या कॅसिनोंच्या बोटींवरून वाद पेटला. हलवा, नको, आपल्याकडच्या पोरांच्या नोकऱ्या जातील. हे दरवर्षीचंच. पण सावंतवाडीच्या मामेभावाने लिहिलं, "मशीनमध्ये सगळं सेट असतं. तुझ्या व्हेगासमध्ये तरी वेगळं काय?" त्यावर पटापट अंगठे आले. ते मला लागले.

बारा वर्षं मी इथे कॅसिनोच्या आयटीत आहे. ग्रेव्हयार्ड शिफ्टला, म्हणजे मध्यरात्रीच्या पाळीला, मी नेमकं काय करतो, हे यांच्यापैकी एकानेही विचारलेलं नाही. जुगारावर लक्ष ठेवणाऱ्या इथल्या सरकारी नेवाडा गेमिंग कंट्रोल बोर्डाच्या मंजुरीशिवाय स्लॉटचा, म्हणजे जुगाराच्या मशीनचा, प्रोग्रॅम कॅसिनोत येत नाही. मंजूर प्रतीची डिजिटल सही मशीनमधल्या प्रतीशी ताडून बघतात. एक अक्षर बदललं तरी जुळत नाही. नोकरी सोडणाऱ्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद होतं.

ही खबरदारी ठेच लागल्यावर आली आहे. रॉन हॅरिस बोर्डाचाच इंजिनियर. मशीन तपासायच्या उपकरणातच त्याने आपला कोड घातला. तपासणीच्या निमित्ताने तो कोड मशीनमध्ये शिरायचा आणि ठरावीक क्रमाने नाणी टाकली की मशीन पैसे ओकायचं. १९९५ मध्ये अटलांटिक सिटीत केनोच्या, म्हणजे आकडे ओळखायच्या खेळाच्या, एक लाख डॉलरच्या बक्षिसापायी हॅरिस सापडला. कुंपणानेच शेत खाल्लं. मामेभाऊ म्हणेल, बघ, सेटच! नाही रे. मालकाने नव्हे, ज्याच्यावर भरवसा टाकला त्याने केलं. गोव्यात बोट पाण्यात असावी की जमिनीवर, यावर निवडणुकांमागून निवडणुका भांडता. तपासणाऱ्याला कोण तपासतं, हे का नाही विचारत?

इथेही सगळं आलबेल नाही. जानेवारी २०२३ पासून बोर्डाचा सायबर नियम लागू झाला: सायबर हल्ला कळल्यापासून ७२ तासांत बोर्डाला कळवायचं, असं तेव्हा ठरलं. त्याच सप्टेंबरात एमजीएम रिसॉर्ट्स या कॅसिनो-हॉटेलांच्या कंपनीच्या हेल्प डेस्कला कुणीतरी कर्मचारी असल्याचं भासवून गंडवलं. स्लॉट बंद पडले, खोल्यांच्या किल्ल्या चालेनात. सुमारे दहा कोटी डॉलरचा फटका बसल्याचं कंपनीनेच सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडे पासवर्डसाठी फोन आला की आवाज कितीही ओळखीचा असो, फोन ठेवायचा आणि नोंदीतल्या नंबरवर आपण लावायचा. मॅनेजरचा असला तरी.

मार्चमध्ये अनोळखी नंबरवरून आईचा फोन आला. मोबाइल फुटला होता, दवाखान्यासाठी पैसे हवे होते. मी म्हटलं, "ठेव, मी करतो," आणि मामेभावाला फोन लावून खात्री केली. मग पैसे पाठवले. सेट मशीनचं बोलणं त्याच्या मनात तेव्हापासूनच असणार, असं आता वाटतं. त्याने मला तेव्हा काहीच म्हटलं नाही. आईने मात्र रात्री विचारलं, "माझो आवाज वळखलंस नाय रे?"

पहिल्या शब्दालाच ओळखला होता.